पोरं गप्प का आहेत?

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस वाचनपाठाबद्दल, पण माझा जीव अडकलाय तुझ्या शेवटच्या ओळीत. ‘वर्गात पोरांना त्यांच्या पावरी भाषेत बोलायला बंदी केली, आता पोरं अगदी शांत बसतात.’ मावशी शाबासकी देईल असं वाटलं का रे तुला? ज्या पोरीला लघवीला जायचंय हेसुद्धा मराठीत सांगता येत नाही, तिच्या गप्प बसण्याला तू शिस्त म्हणतोस? वाचून मला झोप लागली नाही.

बंदी उद्याच्या उद्या उठव. शिक्षण हक्क कायदा, २००९ तू परीक्षेसाठी घोकला होतास. त्यातलं कलम २९ पुन्हा काढून बघ. शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं त्यात स्पष्ट आहे. पण ते साहेबांना दाखवायला. तू बंदी उठवायची ती त्या पोरांसाठी.

आता वाचन. पुस्तकातलं चित्र दाखव आणि याला तुमच्यात काय म्हणता, ते विचार. पोरं सांगतील तो शब्द फळ्यावर देवनागरीत लिही, शेजारी मराठी शब्द लिही. तोंडात घोळलेला शब्द अक्षरांत दिसला की पोर वाचायला धजतं. चौथीतला एखादा चुणचुणीत पोरगा मदतीला घे. तुझे उच्चार चुकतील, पोरं खो-खो हसतील. हसू दे. तुला दुरुस्त करायला म्हणून तरी तोंड उघडतील!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ तुला दिलं होतं. ते अजून माळ्यावरच आहे असं तुझी आई म्हणाली. वाईट वाटलं मला. मागवून घे आणि वाच.

तुझ्या धडगावकडे उन्हाळ्यात घरोघरी आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घालतात. एप्रिलात पोरांना घेऊन त्या अंगणात जा. ओल्या फोडी तोल, वाळल्यावर पुन्हा तोल, वजाबाकी त्यांनाच करू दे. व्यापाऱ्याच्या काट्यावर आपला माल किती भरायला हवा, हे पोराला कळलं तर घरची माणसं तुला पाड्यावर परकं मानणार नाहीत. गणिताच्या तासाला याहून जास्त काय मागायचं?

पण एप्रिलापर्यंत पोरं राहतील का, याचीच मला धास्ती आहे. दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. कोण जाणार, कुणाची आजी मागे राहणार, हे आत्ताच पाड्यापाड्यावर फिरून लिहून काढ. मागे राहणाऱ्या पोरांच्या हंगामी वसतिगृहाचं गटशिक्षणाधिकाऱ्यांना आजच विचार. बिऱ्हाडं ट्रकवर चढल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि ओढ्याला पाणी असताना मोटारसायकल घालू नकोस. ताप अंगावर काढू नकोस. सोळा हजारांच्या मानधनात तुझं कसं भागतं ते कळव, पण आईला लिहिशील तसं गुळमुळीत नको. त्या गप्प बसणाऱ्या पोरीचं नाव काय, तेही कळव.

तुझी,
मावशी