किती देते?

मोटार घेणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो रंगाचा नव्हे, किमतीचाही नव्हे. ‘किती देते?’ एवढेच दोन शब्द. दुभत्या म्हशीबद्दल विचारावे तसे! माझ्या आजोळी म्हैस बघायला आलेला गृहस्थ निदान ‘आणि खाते किती?’ असेही विचारी. मोटारीच्या बाबतीत देणे आणि खाणे एकाच आकड्यात येते, एवढाच काय तो फरक.

निवृत्त झाल्यावर मोटार घ्यायचे ठरले आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींचा पक्ष अ‍ॅव्हरेजचा, मुलीचा पिकअपचा. मी अध्यक्ष, म्हणजे ज्याचे कोणी ऐकत नाही आणि पैसे मात्र ज्याने द्यायचे असतात तो.

“अहो, पेट्रोल शंभराच्या पुढं गेलंय,” ही म्हणे.

“बाबा, घाटात ट्रकच्या मागं धूर खात बसायचंय का तुम्हांला?” मुलगी म्हणे.

माझे आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेले. मी वही घेऊन बसलो. आमचे फिरणे वर्षाला फार तर ६,००० किलोमीटर. लिटरला २० देणारी मोटार ३०० लिटर पिणार, १५ देणारी ४००. म्हणजे वर्षाला १०० लिटरचा, सुमारे दहा हजार रुपयांचा फरक. मग एक गंमत ध्यानात आली. १० च्या जागी १५ देणारी मोटार घेतली तर २०० लिटर वाचतात. पण २० च्या जागी २५ देणारी घेतली तर वाचतात अवघे ६०! पाचाला पाच सारखे नसतात, ही गोष्ट मला साठीनंतर कळली. वरच्या टोकाला एकेका किलोमीटरसाठी दुकानदाराशी वाद घालणारे आम्ही पुष्कळदा चिल्लरीसाठी भांडत असतो.

बरे, तो छापील आकडा तरी कुठला? पुण्यात वेताळ टेकडीवर मोटारींची तपासणी करणारी संस्था आहे. त्या टेकडीवर मी वर्षानुवर्षे फिरायला जातो. तिथे मोटार रोलरवर चढवतात आणि ती जागच्या जागी धावते. त्या परीक्षेत पसरणीचा घाट नसतो, लक्ष्मी रस्ता नसतो आणि मागच्या सीटवर तांदळाचे पोते नसते. घरी आलेली मोटार त्या आकड्याला जागली नाही म्हणून तिच्यावर रागवू नये. परीक्षेत पहिली आलेली मुले तरी पुढे कुठे तशी वागतात?

ताकदीचा आकडा त्याहून फसवा. माहितीपत्रकात जी अश्वशक्ती असते ती बहुधा इंजिन मिनिटाला सहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेऊ लागले की मिळते. मी तेवढे इंजिन पळवले, तर ही खाली उतरून रिक्षाने घरी येईल. आमच्या कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, “काका, घाटात जायचं असेल तर टॉर्क बघा, टॉर्क. आणि तो किती फेऱ्यांना मिळतो ते बघा.” टॉर्क म्हणजे ओढ, असे मी मनाशी भाषांतर केले. शब्द मला आवडला. कमी फेऱ्यांतच जिला ओढ आहे ती मोटार चढावर दमत नाही. नाहीतर लहान इंजिनाला खालच्या गिअरमध्ये रेटत न्यावे लागते, आणि मग त्याचे ते नामांकित अ‍ॅव्हरेज वळणावळणावर सांडत जाते.

पण खरे सांगायचे तर माझा हिशेब या वहीत नव्हताच. तो बापूंच्या वहीत होता.

बापू वाईला डॉक्टर होते. १९७४ साली त्यांनी एक जुनी मोटार घेतली. आदल्या वर्षीच्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल भडकले होते. बापूंनी एक वही घातली. तारीख, लिटर, किलोमीटर. पाचगणीला जाताना पसरणीच्या घाटात एक वळण येई, तिथे मोटारीचा जीव वर होई. बापू थांबत आणि मागे न बघता म्हणत, “उतरा.” आई आणि आम्ही तिघे भावंडे उतरून पुढच्या वळणापर्यंत चालत जात असू. आईच्या हातात फराळाची पिशवी. बापू रेडिएटरमध्ये पाणी घालून, रिकामी मोटार वर आणीत.

येताना मात्र ते किल्ली बंद करीत आणि न्यूट्रलमध्ये मोटार सोडून देत. “उतार फुकटचा आहे,” म्हणत. इंजिन गिअरमध्ये असले की तेच मोटारीला मागे धरून ठेवते. ते सुटले की सगळा भार ब्रेकवर. एका मे महिन्याच्या संध्याकाळी जळका वास आला आणि पायाखालचे ब्रेक नुसते खाली गेले. बापूंनी मोटार डोंगराच्या बाजूला, गटारात घातली. दुसऱ्या बाजूला काय होते ते मी तेव्हा पाहिले आणि पुन्हा कधी पाहिले नाही. आईच्या उजव्या भुवईवर तीन टाके पडले. ते बापूंनीच घातले, रात्री दवाखान्यात, एक शब्द न बोलता. वहीत त्या तारखेला लिटर आणि किलोमीटर नेहमीसारखे आहेत. खाली फक्त ‘किल्ली चालू ठेवणे’.

आजच्या मोटारी गिअरमध्ये उतरताना, पाय काढला की इंजिनाला पेट्रोल देतच नाहीत; न्यूट्रलमध्येच उलट थोडे जाते. बापूंना हे ऐकून केवढा आनंद झाला असता! आणि मग ते बराच वेळ गप्प बसले असते.

मी ही हकीकत घरात पुन्हा सांगितली नाही. पण एके रात्री दुधाला विरजण लावता लावता हीच म्हणाली, “आईंना क्षेत्र महाबळेश्वरला न्यायचंय ना? मग ओढणारी घ्या. दहा हजारांचं मी बघते.” अ‍ॅव्हरेजच्या पक्षाचा पुढारीच फुटला! एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बो लावलेले इंजिन आले. शहरात चौदा देते. कोणी विचारले तर ही सोळा सांगते.

गेल्या कार्तिकात आईला वाईहून घेतले. ब्याऐंशी वर्षांची आई मुलीच्या शेजारी बसली. मोटार पसरणीच्या घाटात काहीही कुरकुर न करता चढत होती. ते वळण दिसले तशी आईने मांडीवरची पिशवी उचलली, पदर खोचला आणि दाराच्या कडीला हात घातला.

“आजी, अगं काय करतेस?”

“थांबव ना. उतरते मी.”

“अगं, चढतेय की गाडी!”

आई काही बोलली नाही. पुढचे वळण मागे पडेपर्यंत तिने कडी सोडली नाही.