दारं घासण्याआधी हे वाचा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात ते सहा दिवस मुक्कामाला होतं. पाणी उतरलं, गाळ उपसला, पंचनामा झाला, गाद्या रस्त्यावर गेल्या. दारं तेवढी वाचली. सागवानी, आजोबांच्या वेळची. पण फुगून चौकटीत बसेनात आणि रंगाचे पापुद्रे सुटलेले. रंगारी मिळेना (अख्ख्या गावालाच रंगारी हवा होता), म्हणून मीच पत्री आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो. दोन रविवार घासलं. वर पांढरा, मग हिरवा, त्याखाली झणझणीत पिवळा. माझी चार वर्षांची लेक शेजारी बसून खाली साचलेल्या पिवळ्या भुकटीत बोटानं मोर काढत होती. मी फोटो काढून इथंच टाकला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइक केला होता.

पुढच्या वर्षी मी तो फोटो काढून टाकला. जुलै २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेचा शिशावरचा अहवाल आला. बातमीपुरता वाचायला घेतला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज, त्यात भारतातली साडेसत्तावीस कोटी. कारणं बरीच, बॅटऱ्या फोडण्यापासून मसाल्यातल्या भेसळीपर्यंत. त्या यादीत जुना रंगही होता. तिथं मला मोर आठवला.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं घालत ते काही वेडेपणानं नाही. त्यानं रंग लवकर वाळायचा, टिकायचा, चकाकायचा. रंगाऱ्यांचा जुना सफेदा शिशाचा. शेंदूर, जो आपण मारुतीला लावतो, तोही मुळात शिशाचाच. आणि तो झणझणीत पिवळा बहुतेक वेळा लेड क्रोमेट. आपल्याकडं घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९०, असा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चांगलं झालं. पण नियम नव्या डब्याला आहे. दारावर आधीच बसलेल्या चार थरांना कुणी विचारत नाही. महापुराच्या पंचनाम्यात भिंती मोजल्या, भांडी मोजली. दारं कोरडी घासू नका, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं नाही. २०२१ ला परत पाणी आलं, परत अख्खं गाव दारं घासत बसलं.

लेकीचं रक्त तपासावं म्हणून डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, आता वर्षानंतर त्यातून फारसं कळणार नाही. रक्तातलं शिसं महिना-दोन महिन्यांत उतरतं, उरलेलं हाडात जाऊन बसतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट मुलांच्या अंगात शोषलं जातं, आणि परिणाम होतो मेंदूवर. अमुक प्रमाणापर्यंत चालतं अशी पातळीच नाही. लेक आता शाळेत बरी आहे. पाढे विसरली की मी उगाच गप्प होतो.

आता हे सगळं का लिहितोय? गेल्या महिन्यात साताऱ्याला मामांकडं गेलो होतो. घरात लग्न, म्हणून वाड्याची रंगरंगोटी काढलेली. सोप्याचे खांब, माजघराची चौकट, माडीचा जिना, सगळं एकदम. आत शिरलो तर धुरळा. रंगारीकाका तोंडाला रुमाल बांधून कोरडं घासतायत, आणि मामेबहिणीचं रांगतं बाळ माजघरात. मी आरडाओरडाच केला. काका चिडले. "साहेब, चाळीस वर्षं घासतोय, काय झालं नाही मला." मग चहा पिताना स्वतःच म्हणाले, पोटात सारखा मुरडा असतो, भूक मेलीय. मी डॉक्टर नाही, त्यामुळं कारण सांगत बसलो नाही. कामावर काय करता ते सांगून रक्त तपासून घ्या, एवढं म्हणालो.

पुढचं काम मात्र काकांनीच सुधारलं, कारण हत्यार त्यांच्याच पिशवीत होतं: वॉटर पेपर. पिचकारीनं पाणी मारायचं आणि ओलंच घासायचं, धूळ उडतच नाही. जिथं रंग घट्ट बसलाय तिथं तो काढायचाच नाही. वरून ओला हात फिरवून पृष्ठभाग खरखरीत केला की प्रायमर आणि दोन हात. निम्मं काम तिथंच वाचलं. मशीन बंद, ज्योत लावून रंग जाळणं तर अजिबात नाही. खोली रिकामी, जमिनीवर प्लास्टिक कडेनं चिकटवलेलं. रुमालाच्या जागी कोरोनातले उरलेले एन-९५ मास्क. संध्याकाळी झाडू न लावता ओल्या फडक्यानं पुसायचं, साबणानं हात-तोंड धुऊनच जेवायचं, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. बाळ आणि पोटुशी वहिनी काम संपून पुसापुशी होईपर्यंत शेजारच्या घरी. शंका असेल तर रंगाचा पापुद्रा खासगी लॅबमध्ये तपासून मिळतो, पण जुनं दार असेल तर शिसं आहे असंच धरून चाला.

एक गोष्ट मामींच्या लक्षात आली, माझ्या नाही. किडलेल्या चौकटीचे तुकडे बंबासाठी बाजूला रचून ठेवले होते. रंगाचं लाकूड बंबात घातलं की शिसं धुरातून जातं आणि राखेत उरतं. आणि त्या घरात दुधाचं पातेलं अजून राखेनंच घासतात. मामी म्हणाल्या, "म्हणजे मागच्या दिवाळीला जुनी खिडकी जाळली ती..." आणि वाक्य सोडून उठल्या.

ते तुकडे आणि खरवडलेला रंग आम्ही जाड पिशव्यांत बांधला. टाकायचा कुठं, हे एका कार्यालयात विचारलं. तिथल्या माणसानं आधी हसून घेतलं, मग म्हणाला, सुक्या कचऱ्यात द्या. सुक्या कचऱ्याची पिशवी पुढं कोण हातानं उघडून निवडतं, ते आपण रोज सकाळी बघतो. पिशव्या अजून मामांच्या माळ्यावर आहेत.