वजनकाट्यावरची परीक्षा

मुंबईच्या कर्नाक बंदर आणि दारूखाना भागांत वर्षानुवर्षे चालत आलेला लोखंडाचा व्यापार सिडकोने वसविलेल्या कळंबोलीच्या पोलाद बाजारात येऊन स्थिरावला, तेव्हा त्याच्याबरोबर वह्या, दप्तरे आणि मुनीमही खाडी ओलांडून इकडे आले. परंतु ज्या पेढीचा जमाखर्च मी सांभाळतो, तिच्या कारभाराची खरी उलथापालथ त्या स्थलांतराने नव्हे, तर २०२२ सालच्या एका सरकारी अधिसूचनेने झाली. वार्षिक उलाढाल दहा कोटींवर गेलेल्या व्यापाऱ्याने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुसऱ्या व्यापाऱ्यास द्यावयाचे प्रत्येक बिल सरकारी द्वारावर, म्हणजे पोर्टलवर, नोंदवून घ्यावे, असे तीत फर्माविले होते. दहा कोटी हा आकडा ऐकावयास भारी वाटतो. पण टनाला पन्नास-साठ हजार भाव असलेल्या जिनसेत वर्षाकाठी शंभर-सव्वाशे ट्रक माल विकला की ती मर्यादा मागे पडते, आणि तेवढ्याने आमच्या बाजारात कोणी बडा व्यापारी ठरत नाही.

"मुनीमजी, चांगले सॉफ्टवेअर पाहून घ्या," एवढे म्हणून शेठजी मोकळे झाले.

पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की येथे एक यंत्र घ्यावयाचे नसून अनेक परक्या घरांशी बोलणारा कारभारी नेमावयाचा आहे. वजनकाट्याचा आकडा एकीकडून येतो, साठ्याची नोंद दुसरीकडे, हिशेब टॅलीत. बिलाची नोंदणी एका सरकारी द्वारावर, ई-वे बिल दुसऱ्यावर, आणि तेथे लिहिलेला गाडीचा क्रमांक वाहन नोंदणीच्या दप्तराशी ताडून पाहिला जातो. प्रत्येक सेवा स्वतंत्र, प्रत्येकीचा मालक निराळा, आणि त्या एकमेकींशी ठरलेल्या नमुन्यातील निरोपांनीच बोलतात. जुन्या पेठेत दलाल, तोलार, माथाडी आणि मुनीम आपापले काम करून केवळ चिठ्ठीवर एकमेकांचा विश्वास धरीत, तशीच ही व्यवस्था. चिठ्ठी हरवली किंवा दोनदा फाडली गेली, की तंट्यास आरंभ होतो.

सॉफ्टवेअरचे विक्रेते आले, ते आपापले नमुन्याचे बिल घेऊनच. त्यात एक ग्राहक, एक जिन्नस, गोल वजन, आणि माल थेट दुकानातून ग्राहकाच्या दारी! पडद्यावर रंगीत आलेख उमटत होते, शेठजींचे चिरंजीव प्रसन्न होत होते, आणि माझ्या मनात मात्र आमचा नेहमीचा व्यवहार घोळत होता. चाकणच्या कारखानदाराने आमच्याकडे पत्र्याची कॉइल मागवावी, आम्ही ती तळोज्याच्या गिरणीकडून घ्यावी, आणि ट्रकने कळंबोलीचे दर्शनही न घेता तळोज्याहून परभारे चाकण गाठावे, ही आमची रोजची रीत. बिले दोन, ट्रक एक. माल एकदाच हलतो म्हणून ई-वे बिलही एकच पुरते, पण ते गिरणीने काढले की आम्ही, याची नोंद आमच्या दप्तरात राहावी लागते. त्यात अँगल आणि चॅनेल यांचा साठा नगांवर, बिल किलोवर आणि भाव टनावर. कोष्टकातले वजन निराळे आणि काट्यावरचे निराळे. हे सारे सांगितल्यावर एका विक्रेत्याने "तुमची पद्धत थोडी बदला," असा सल्ला दिला. त्याची दरखास्त मी तेथेच मिटून ठेवली.

मग मी प्रश्नपत्रिका आपल्याच दप्तरातून काढली. सर्वांत किचकट बिले निवडली, त्यांतील नावे बदलली, आणि उरलेल्या विक्रेत्यांना वजनकाट्यावरच्या खोलीत बोलावून, सरकारने चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या द्वारावर ती नोंदवून दाखवावयास सांगितले. बिल पाठविल्याबरोबर, उत्तर येण्यापूर्वी, मी इंटरनेटची तार काढीत असे. या कृत्याने काहीजण रुष्ट झाले. पण निवडीचा सारा निकाल त्या एका तारेने लावला, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण असे. नोंदणीनंतर मिळणारा चौसष्ट अक्षरांचा क्रमांक माल विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांपासून तयार होतो, म्हणून तेच बिल पुन्हा पाठविल्यास सरकारी द्वार ते दुबार ठरवून नाकारते. शहाणे सॉफ्टवेअर त्या नकाराचा अर्थ ओळखते, आधीची नोंद मागवून घेते आणि क्यूआर संकेतासह बिल छापते. एका सॉफ्टवेअरने मात्र नकार न समजल्याने नवा बिल क्रमांक दिला आणि एकाच ट्रकची दोन बिले निर्वेधपणे नोंदविली. अशी चूक चोवीस तासांच्या आत ध्यानात आली तर बिल रद्द होते; नंतर क्रेडिट नोट काढून निस्तरावे लागते, आणि तोवर ग्राहकाच्या खात्यावर दुप्पट कर दिसत राहतो. दुसरे एक सॉफ्टवेअर नुसतेच थिजून राहिले. काट्यामागे उभ्या असलेल्या ट्रकचालकांना त्याचे स्पष्टीकरण कोणी द्यावयाचे?

जे निवडले, त्याचा पडदा सर्वांत ओबडधोबड होता. तार जोडताच त्याने अडकलेल्या बिलाची स्वतः शहानिशा केली, आणि कोणता निरोप केव्हा गेला व काय उत्तर आले, याची रोजकीर्द तारीखवार दाखविली. जुन्या मुनिमास याहून अधिक काय हवे? करारनाम्याच्या मसुद्यात आम्ही दोन कलमे आग्रहाने घातली: सरकारी द्वारापर्यंत निरोप पोहोचविणारा मान्यताप्राप्त मध्यस्थ कोण आहे हे विक्रेत्याने लेखी कळवावे, आणि करार संपताच आमच्या सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात विनामूल्य परत द्याव्यात. दुसऱ्या कलमावर बरीच घासाघीस झाली, पण शेठजी या बाबतीत भावाच्या वाटाघाटींइतकेच चिवट निघाले.

१ ऑगस्ट २०२३ पासून उलाढालीची ती मर्यादा पाच कोटींवर उतरली आणि शेजारचे लहान गाळेवाले विचारावयास येऊ लागले. त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना माझे सांगणे एवढेच की, विक्रेत्याचे नमुन्याचे बिल पाहू नका. आपले सर्वांत अवघड बिल त्याच्यापुढे ठेवा, ऐन वेळी तार काढा, आणि पुढे काय होते ते पाहिल्यावाचून करारनाम्यावर सही करू नका.