दस्तुरी नाक्यापासून तळ्यापर्यंत

नेरळहून घाट चढून येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते ती थांबतेच. आतील प्रवासी कोण आहे, त्याची ओळख कोठवर पोहोचते, तो किती पैसे मोजावयास तयार आहे, याला येथे काही किंमत नाही. नगरपालिकेची प्रवेशपावती घेतली की पाहुण्यापुढे मोजकेच पर्याय उरतात. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोट्या गाडीने माथेरान गाठावे, घोडा किंवा रिक्षा करावी, अथवा सामान हमालाच्या हवाली करून लाल मातीच्या रस्त्याने सुमारे अडीच किलोमीटर चालत निघावे. मुंबईच्या पेढ्यांवरील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे हवापालटासाठी येत आली आहेत. त्यांपैकी जी पायी चालली, त्यांनीच माथेरान खऱ्या अर्थाने पाहिले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील हे पठार इंग्रजांच्या दफ्तरात १८५० साली आले. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी चौक गावाच्या बाजूने वर चढले आणि येथील हवेवर लुब्ध झाले. या घटनेला माथेरानचा ‘शोध’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो थोडा गंमतीचाच म्हणावा लागेल. ठाकर, कातकरी आणि धनगर यांची पावले या रानात त्यापूर्वीच रुळलेली होती. साहेबांनी कड्यांना आपल्या माणसांची नावे दिली, बंगले बांधले, रस्ते आखले. डोंगराचे नाव मात्र त्यांना बदलता आले नाही. माथ्यावरचे रान ते माथेरान, ही उपपत्ती कोणालाही पटावी अशीच आहे.

नेरळपासून वर येणारी रेल्वे हे एका व्यापारी घराण्याचे कर्तृत्व. सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल घातले, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले. १९०४ मध्ये आरंभ झालेल्या या एकवीस किलोमीटरच्या मार्गावर १९०७ साली गाडी धावू लागली. त्याला सोळा लाख रुपये खर्च आला. त्या काळच्या सोळा लाखांचे मोल व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि पूर्ववत होण्यास २००७ साल उजाडले. आजही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात. वरची छोटी फेरी तेवढी चालू असते.

बाजारपेठ नेहमीसारखीच गजबजलेली असते. चिक्कीची दुकाने एकाला एक लागून आहेत. मध आणि चामड्याच्या चपला यांचीही येथे ख्याती आहे, पण या मासिकाच्या बहुतेक वाचकांना त्या दुकानांवरून पुढे सरकण्याची सवय असेल. हुतात्मा भाई कोतवाल यांचे हे जन्मगाव, हेही या गर्दीत पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. दर विचारणाऱ्याने एक गोष्ट मनात ठेवावी. येथील साखरेचे पोते, तेलाचा डबा, गॅसची टाकी, सारे नाक्यापासून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर येते. खालच्या भावात आणि वरच्या भावात जो फरक दिसतो, त्यात कोणाच्या तरी खांद्याची मजुरी असते. घासाघीस करण्यापूर्वी तेवढा हिशोब करावा.

बाजार मागे पडला की दक्षिणेकडे शार्लट तळ्याची वाट लागते. निवांत चालीने सुमारे पाऊण तास. येथून पुढे माथेरान बोलू लागते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या फांद्या माथ्यावर एकमेकींत गुंतलेल्या. त्यामुळे भर दुपारीही वाटेवर ऊन नाण्यांसारखे सांडलेले दिसते. पायाखाली जांभ्याची लाल माती. ती इतकी बारीक की पांढरा पायजमा घोट्यापर्यंत कुंकवासारखा रंगतो आणि धुतल्यावरही थोडा रंगलेलाच राहतो. उंच फांद्यांवर शेकरू सरसरत जाते. तपकिरी अंग, झुपकेदार लांब शेपटी आणि एका झाडावरून दुसऱ्यावर घेतलेली झेप. मुले ती एकदा पाहतात आणि मग तळे विसरून झाडांकडेच मान वर करून चालतात. माकडे अधिक धीट. खाऊची पिशवी हातात मोकळी दिसली की ती आपलीच समजतात. ती पिशवी खांद्यावरच्या झोळ्यात बंद ठेवावी आणि त्यांना काही देऊ नये. दया म्हणून टाकलेला फरसाण त्यांना रानातील अन्न विसरायला लावतो.

झाडी विरळ होते आणि एकाएकी पाणी समोर येते. शार्लट तळे म्हणजे ओढा बांध घालून अडवून केलेला जलाशय. गावाच्या पिण्याच्या पाण्याचा हा जुना आधार. म्हणून येथे ना होड्या, ना त्यांच्या रांगा. काठावर ग्रामदैवत पिसरनाथाचे मंदिर आहे. पावसाळ्यात बांधावरून पाणी उसळते, गर्दी लोटते. पण निसरड्या दगडांवरून पाय घसरण्याचे भय त्याच दिवसांत असते. चातुर्मासात वाटा सूक्ष्म जीवांनी भरलेल्या असतात, तेव्हा आपल्याकडील अनेक घरे प्रवास टाळतात. कार्तिकी पौर्णिमा उलटून गेल्यावर यावे. तळे भरलेले, झाडी अजून ओली, आणि वाट कोरडी असते. तळ्यापासून एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट चालण्याच्या अंतरावर आहेत. लुईझाच्या कड्यावरून प्रबळगड समोर उभा ठाकतो. हवा स्वच्छ असेल तर तेथून उठावेसे वाटत नाही.

ज्यांना चालवत नाही त्यांचे काय, हा प्रश्न या डोंगराने फार काळ रिक्षावाल्याच्या पाठीवर टाकून ठेवला. रिक्षा म्हणजे माणसाने ओढावयाची. एक जण पुढे दांड्याला, चढावर मागून दुसरा रेटणारा. शिखरजी आणि पालिताण्याच्या डोलीशी परिचय असलेल्या कुटुंबांना हा संकोच नवा नाही. गुडघे साथ देत नाहीत म्हणून आजी बसतात, चढावर ओढणाऱ्याचा श्वास ऐकू येऊ लागला की त्या अस्वस्थ होतात, उतरून चालू म्हटले तर तोच म्हणतो, “बसा आजी, तुम्ही उतरलात तर आमचं कसं चालायचं?” या उत्तरापुढे कोणाची मान सहज वर राहत नाही. न बसणे ही दया म्हणावी, तर त्याची रोजी बुडते. बसणे ही मदत म्हणावी, तर त्याची छाती फुटते.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि ती ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला. रोजी न बुडवता ओझे उतरवण्याचा हा मार्ग सत्तर वर्षांपूर्वीच सुचावयास हवा होता. त्याच आदेशात पेव्हर ब्लॉकची मर्यादाही ठरली: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता, त्यापलीकडे आतील रस्ते आणि रानवाटा मोकळ्या. या ब्लॉकवरून येथे बराच वाद झाला आहे. पावसात माती वाहून जाते, झाडांची मुळे उघडी पडतात, हे खरे. ब्लॉकवर घोड्यांचे खूर घसरतात, हेही खरे. पुतळ्यापाशी आखलेली रेघ कोणी हळूच पुढे सरकवली, तर तळ्याच्या वाटेवर हॉर्न वाजू लागण्यास वेळ लागणार नाही. २००३ साली या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केले आहे. तरी कागदावरील रेघ आणि जमिनीवरील रेघ यांचा मेळ वर्षावर्षाला तपासावा लागतो, हे जमाखर्च लिहिणाऱ्याला कळते.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांनी तळ्यावरून साडेचारच्या सुमारास माघारी फिरावे. परतीच्या वाटेवर ऊन तिरपे झालेले असते आणि घोडे गळ्यातील घुंगरे वाजवीत पागेकडे निघालेले असतात. त्यांना वाट द्यावी, बाजूला उभे राहावे. धूळ खाली बसेपर्यंत रानात कोठेतरी शीळकरी कस्तूर शीळ घालीत असतो.