सज्ञान

लग्न ठरविणे एक वेळ सोपे, पण जेवण ठरविणे कठीण, असा आमचा अनुभव आहे. लग्नात दोनच पक्षकार असतात. जेवणात जितकी पाने तितके पक्षकार. ही गोष्ट ठाऊक असूनही, गेल्या हिवाळ्यात आम्ही ठाण्याच्या एका स्नेह्याचे वकीलपत्र आपण होऊन घेतले. प्रकरण होते त्यांच्या मुलाच्या बार मित्स्वाच्या भोजनाचे.

हे स्नेही म्हणजे पुण्याच्या वसतिगृहातील आमचे खोलीसोबती. कुळाने बेने इस्राएल. कोकणाशी ज्यांचा संबंध आहे त्या वाचकांस हा समाज नवा नाही. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या कुटुंबांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. अलिबागेच्या आसपासच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून पडलेली करान्त आडनावे आणि घरात बोलली जाणारी मराठी ही त्यांची आजही ओळख आहे. 1948 नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. जी राहिली त्यांतील बरीच ठाण्यात आहेत, आणि तेथील 1879 सालचे सिनेगॉग अद्याप नांदते आहे.

मुलाला तेरावे वर्ष पूर्ण झाले की तो ‘बार मित्स्वा’, म्हणजे आज्ञेचा पुत्र होतो. धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्या दिवसापासून त्याची स्वतःची. त्या दिवशी तो तोरा वाचनासाठी पुढे येतो आणि मग आप्तेष्टांचे भोजन होते. हे भोजन केवळ हौसेचे नव्हे, ते धर्मकृत्याचाच भाग मानले जाते. म्हणून ते टाळता येत नाही, आणि आमच्या स्नेह्यांची अडचण नेमकी हीच होती. त्यांचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता. पुढे मिळालेली नोकरी पगाराने निम्मी. त्यांनी साठ हजार रुपये बाजूला काढले होते, कर्ज काढावयाचे नाही असा निश्चय केला होता, आणि पाने होती 120. एका उपाहारगृहाने दर पानास 1,400 रुपये सांगितले. ते ऐकून वहिनींनी निमंत्रणाची यादी पुढे ओढली आणि पेन्सिलीने नावे खोडावयास आरंभ केला. ज्यांच्या घरी आपण आजवर जेवलो त्यांची नावे खोडावी लागणे याइतका अपमान गरिबीतही दुसरा नसतो. आम्ही ती पेन्सील काढून घेतली आणि म्हणालो, “वहिनी, हे आमच्यावर सोपवा.”

आम्ही बेळगावाहून चार दिवस आधीच आलो होतो. वकिलाच्या आत्मविश्वासाने आम्ही बाजारात शिरलो आणि सायंकाळपर्यंत विजय मिळवून परतलो. शुद्ध शाकाहारी स्वयंपाक करणारे एक गृहस्थ दर पानास 450 रुपयांत शनिवारचे जेवण द्यावयास तयार झाले. मांस नाही म्हणजे मांस व दूध एकत्र येण्याचा प्रश्न नाही. प्रश्न नाही म्हणजे वाद नाही. असा आमचा युक्तिवाद. हर्षाच्या भरात आम्ही स्वतःच्या खिशातून पाच हजारांचा विसार दिला. पावती मागावयाची राहिली. जन्मभर अशिलांना जी गोष्ट बजावीत आलो तीच आम्ही विसरलो.

रात्री जेवताना आम्ही ही वार्ता सांगितली. स्नेह्यांच्या आई कोपऱ्यात बसल्या होत्या. वय 80 च्या पुढे, जन्म अलिबाग तालुक्यातला, भाषा अस्सल कोकणी वळणाची मराठी. त्यांनी विचारले, “बाळा, ते जेवण शिजणार कधी?”

“शनिवारी सकाळी, आई. गरम गरम.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “आमच्या वाडवडिलांनी शनिवारी घाणा फिरवला नाही, पोटाला चिमटा घेऊन बसले. त्यांच्या पोराच्या पानात शनिवारी पेटवलेल्या चुलीचा भात वाढायचा?”

आम्ही निरुत्तर झालो. मग हळूहळू त्यांनी आमच्या युक्तिवादातील बाकीची छिद्रेही दाखविली. नुसते शाकाहारी असणे पुरत नाही. काल दुसऱ्याच्या पंगतीत काय शिजले असेल ते आजचे भाड्याचे पातेले सांगत नाही. पालेभाजीत किडा राहिला तर तोही निषिद्ध. शिवाय स्वयंपाक परक्याने केला तरी चूल पेटविणे आणि भांडे चुलीवर चढविणे हे यहुदी माणसाच्या हातून व्हावे लागते. आम्ही भीत भीत म्हणालो, “आई, हे कोणाला कळणार आहे?” त्यांनी आमच्याकडे असे पाहिले की उभ्या वकिलीत एकाही न्यायाधीशाने तसे पाहिले नव्हते. “तुला कळलं ना आता?” एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही विसार परत मागावयास गेलो. ते गृहस्थ विनयाने हसले आणि त्यांनी विचारले, “पावती आहे का?” प्रकरण तेथेच निकाली निघाले.

मार्ग काढला तो प्रार्थना चालविणाऱ्या हझ्झान महाशयांनी. तोरा केवळ शनिवारीच वाचतात असे नाही. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही तिचे वाचन होते. मग विधी शनिवारी न करता गुरुवारी केला तर? गुरुवारी चूल पेटविण्यास आडकाठी नाही. शिवाय कपाळावर व हातावर बांधावयाच्या चामड्याच्या लहान पेट्या, ज्यांस तेफिलीन म्हणतात, त्या शनिवारी बांधीत नाहीत. गुरुवारी मुलाला त्या सर्वांसमक्ष बांधता येतील. ज्या वारात आम्ही केवळ सोय पाहत होतो त्यात धर्माचीही शोभा होती. वार बदलला, आणि अर्धे ओझे उतरले.

उरलेले अर्धे उतरविले एका कारवारकडल्या बाईंनी. त्या शेजारच्या आळीत घरगुती कार्यांचा स्वयंपाक करीत. आमच्या घरात आईची कोकणी असल्यामुळे बोलणे त्याच भाषेत झाले आणि निम्मा सौदा तेथेच जमला. आम्ही भीत भीत अटी सांगितल्या: दूध, तूप, दही नको, कोळंबी, तिसऱ्या, खेकडे, मुशी नकोत, मासा असा हवा की ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत, पातेली आम्ही देऊ, चूल आई पेटवतील. बाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “नारलाचो रोस आसतना दूद कित्याक जाय?” आमच्या तीन दिवसांच्या विवंचनेचे उत्तर त्या एका वाक्यात होते. बेने इस्राएलांच्या स्वयंपाकघरानेही पिढ्यान्पिढ्या हेच उत्तर काढलेले आहे. दुधाच्या जागी नारळाचे दूध घातले की धर्मही राहतो आणि चवही. कोकणच्या माडाने या दोन्ही स्वयंपाकघरांचा संसार सारख्याच मायेने चालविला आहे, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम उमगले.

मलिद्याच्या प्रसंगी लागणारी मोठी पातेली नात्यातल्या तीन घरांतून जमली. गुरुवारी पहाटे आईंनी स्वतः काडी ओढली, आणि प्रत्येक भांडे त्यांचा हात लागून चुलीवर चढले. बांगडे तळले गेले, रावसाची हिरव्या वाटणाची आमटी झाली, वाटाण्याची उसळ, बटाट्याची भाजी, चपात्या, भात आणि सोलकढी. नववर्षाच्या सणाला त्या घरांत करतात तो गव्हाच्या चिकाचा व नारळाच्या दुधाचा हलवा आईंनी आदल्या दिवशीच थापून ठेवला होता. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा तबकात सजला, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावाने आशीर्वाद मागितला गेला. 120 पाने उठली. एकही नाव खोडावे लागले नाही. हिशोब झाला तो असा: बाईंची व मदतनिसांची मजुरी 12,000, वाणसामान, भाजी व नारळ 20,000, वीस किलो मासळी 16,000, खुर्च्या, टेबले व केळीची पाने 6,000. एकूण 54,000.

पण सांगावयाची गोष्ट पुढेच आहे. सकाळी सिनेगॉगमध्ये मुलाचे वाचन झाल्यावर आमचे स्नेही उठले आणि त्यांनी एक लहानसा आशीर्वाद म्हटला. या मुलाच्या कृत्यांच्या दायित्वातून ईश्वराने आपणांस मुक्त केले, असा त्याचा आशय. आमच्यातील वकिलाला हे भारी मौजेचे वाटले. आमच्या 1875 च्या कायद्याने माणूस सज्ञान होतो तो अठराव्या वर्षी. त्याआधी त्याने केलेला करार मुळातच रद्द, असे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहरीबीबीच्या खटल्यात ठरविले. आणि येथे तेराव्या वर्षी बाप हात झटकून मोकळा होतो! आम्ही मनाशी हसलो.

सायंकाळी आम्ही निघावयाची तयारी करीत होतो, तेव्हा तो मुलगा आत आला. त्याच्या हातात एक पाकीट होते.

“काका, यात पाच हजार आहेत. तुमचा विसार बुडाला तो.”

“अरे, हे तुझ्या बाबांच्या हिशोबात नव्हते,” आम्ही म्हणालो.

“नव्हतेच. हे मला आहेरात आलेले आहेत. जेवण माझ्यासाठी होते ना? आणि सकाळी बाबा मोकळे झाले. आता हे माझ्याकडे.”

आम्ही युक्तिवादाची जुळवाजुळव करू लागलो. कर्ज त्याचे नव्हते. चूक आमची होती. कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान होता. प्रत्येक मुद्दा बिनतोड होता. दाराशी आई उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु त्या रात्रीची नजर आम्हांस आठवली. पाकीट परत करून आम्ही त्या मुलाला पुन्हा लहान करणार होतो, आणि तेही त्याच दिवशी.

आम्ही पाकीट घेतले, नोटा मोजल्या, कागद मागितला. आणि त्याचे पूर्ण नाव, रक्कम व दिनांक घालून त्यास रीतसर पावती लिहून दिली.