जुन्या सिनेमाचा पहिला खेळ

गाजलेल्या विज्ञानपटाला दहा, वीस, चाळीस वर्षं झाली की तो पुन्हा थिएटरात आणायचा, ही पद्धत मला बरीच वर्षं मनापासून नापसंत होती. आता मी तिच्या बाजूनं बोलते. हे मत कुणाच्या भिडेखातर बदललेलं नाही. माझी आधीची कारणं विचार करून ठरवलेली होती आणि त्यांतली काही मला आजही पटतात. म्हणून आधी तीच सांगते.

पहिलं कारण पडद्यांचं. मी उज्जैनची, देवास गेट भागात वाढलेली. शिंद्यांच्या काळापासून इथं मराठी घरं आहेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-मालवी, असं आमचं जगणं. मराठी सिनेमा आमच्या गावात क्वचितच येतो. बघायचा तर इंदूर गाठायचं आणि तिथंही एखाद्या अडनिड्या वेळच्या खेळावर समाधान मानायचं. खुद्द महाराष्ट्रात मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला संध्याकाळची वेळ द्यावी, म्हणून 2015 साली सरकारला पुढे यावं लागलं. नव्या सिनेमाला जिथं खेळ मिळत नाही, तिथं साऱ्या जगानं पाहिलेल्या जुन्या सिनेमाला पडदा कशाला द्यायचा, हा माझा प्रश्न होता.

दुसरं कारण वर्धापनदिनाचं. सिनेमा चांगला असेल तर तो अकराव्या वर्षीही दाखवावा. पाहणाऱ्याच्या गरजेशी गोल आकड्याचा काय संबंध? तो आकडा जाहिरातीच्या सोयीचा, असं मी म्हणत असे.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञानपट माणसाला पुढं बघायला लावतो. लोक त्याच्याकडे ‘आमच्या लहानपणीचा सिनेमा’ म्हणून जाऊ लागले, की त्याचा मूळ हेतूच हरवतो, असं मी स्टाफरूममध्ये आणि घरी अनेकदा बोलले आहे.

‘इंटरस्टेलर’च्या वेळीही मी हेच बोलत होते. क्रिस्टोफर नोलनचा हा सिनेमा 2014 चा. दहा वर्षं झाल्यावर डिसेंबर 2024 मध्ये तो परदेशात पुन्हा लागला, पण आपल्याकडे ‘पुष्पा 2’नं आयमॅक्सचे पडदे आधीच घेतले होते. त्यामुळे भारतात तो 7 फेब्रुवारी 2025 ला आला, तोही आठवडाभरासाठी, कारण पुढच्या शुक्रवारी नवा ‘कॅप्टन अमेरिका’ येणार होता. तिकिटं हातोहात गेली आणि मार्चमध्ये तो पुन्हा लावावा लागला. माझी भाची तेव्हा इंजिनियरिंगला होती. इंदूरला माझ्यासोबत चल, म्हणून ती मागं लागली. तू तो फोनवर पाहिला आहेस, मी टीव्हीवर पाहिला आहे, मग परत कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, “मावशी, तुला तो परत बघायचा असेल. मला पहिल्यांदा बघायचा आहे.”

या वाक्यानं माझं मत तिथंच बदललं नाही, पण माझ्या गृहीतकात काहीतरी निसटलं होतं हे लक्षात आलं. ‘पुन्हा’ हा शब्द मी सगळ्यांच्या वतीनं वापरत होते, आणि तो सगळ्यांना लागू पडत नव्हता. मग मी स्वतःकडे वळले. ज्या विज्ञानपटांना मी ‘पाहिलेले’ म्हणते, ते मला कसे मिळाले होते?

‘जुरासिक पार्क’च घ्या. अमेरिकेत तो जून 1993 मध्ये आला आणि आपल्याकडे 1994 मध्ये, हिंदीत डब होऊन. परदेशी सिनेमा हिंदीत बोलू लागला तर केवढा मोठा प्रेक्षक त्याच्याकडे येतो, हे त्या सिनेमानं दाखवून दिलं. देवास गेटच्या बसस्टँडजवळच्या भिंतींवर डायनासोरची पोस्टरं लागली होती आणि आसपासच्या खेड्यांतून लोक बसनं आले होते. पण त्या काळी सिनेमाच्या धंद्यात देशाचे विभाग पाडलेले होते. आम्ही सेंट्रल इंडिया सर्किटमध्ये, त्याचं केंद्र इंदूर. विदर्भ सी. पी. बेरारमध्ये. प्रिंट महाग, म्हणून मोजक्याच निघायच्या. त्या आधी मोठ्या शहरांत चालायच्या आणि मग लहान गावांकडे सरकायच्या. आमच्यापर्यंत येईस्तोवर रिळांवर ओरखडे उठलेले असत, तुटलेले तुकडे जोडलेले असत आणि जोडताना काही क्षण गळालेले असत.

आवाजाची गोष्ट तर मला खूप उशिरा कळली. डीटीएस ही डिजिटल ध्वनीची पद्धत पहिल्यांदा वापरली गेली ती याच सिनेमासाठी. डायनासोरचं पाऊल मागून येतंय की बाजूनं, हे प्रेक्षकाला कानानं कळावं अशी ती योजना होती. आमच्या टॉकीजमध्ये पडद्यामागून एकाच दिशेनं सगळा आवाज यायचा. पाण्याच्या ग्लासात उठणारी वलयं मी पाहिली, पण ती उठवणारा खोल धक्का मला ऐकू आला नव्हता. आम्ही त्या सिनेमावर जीव टाकला यात शंका नाही. मात्र करणाऱ्यांनी जो सिनेमा केला होता, तो आम्हाला मिळालाच नव्हता.

हे एकट्या उज्जैनचं दुःख नाही. अमळनेर, परभणी, वणी, बैतूल, कुठल्याही लहान गावात वाढलेल्या माणसाला हाच अनुभव असेल. मुंबईच्या प्रेक्षकाला जुना सिनेमा ‘परत’ येतो. आमच्याकडे तो पूर्ण रूपात कधी आलेलाच नसतो. माझं आधीचं मत महानगरातल्या प्रेक्षकाला डोळ्यांपुढं ठेवून बनलेलं होतं, आणि मी स्वतः मात्र देवास गेटची होते.

भाचीबरोबर मी इंदूरला गेले. त्या सिनेमात एक ग्रह आहे, जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक तिथून परततो आणि मुलांनी 23 वर्षांत पाठवलेले निरोप एका बैठकीत बघतो. टीव्हीवर बघताना मी या प्रसंगातली सापेक्षता तपासत होते. थिएटरात माझ्या आजूबाजूला विशी-बाविशीची मुलं होती आणि सगळी रडत होती. गुरुत्वाकर्षणामुळे काळ मंदावतो, हे मी फळ्यावर अनेकदा लिहिलं आहे. त्या वाक्याची किंमत एका बापाला काय मोजावी लागेल, हे त्या मुलांना तेव्हा समजत होतं. फोनच्या पडद्यावर हे घडत नाही, कारण तिथं अंतराळ तळहाताएवढं असतं आणि आपण ते हवं तेव्हा थांबवू शकतो. अवकाशाचा अफाटपणा जाणवायला माणूस पडद्यापुढं लहान व्हावा लागतो.

इथं माझ्या तिसऱ्या कारणाचाही पाया हलला. विज्ञानपट पुन्हा दाखवला की तो मागं बघायला लावतो, असं मी मानत होते. पण 2014 चा प्रेक्षक आणि 2025 चा प्रेक्षक एक नव्हता. सिनेमातलं ‘गार्गान्टुआ’ हे कृष्णविवर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकानं काढलं होतं. काही फ्रेमना 100 तासांपर्यंत वेळ लागला, असं ते करणाऱ्यांनी सांगितलं आहे. तेव्हा कृष्णविवराचं छायाचित्र जगात कुणाकडेच नव्हतं. सप्टेंबर 2015 मध्ये ‘लायगो’ या वेधशाळेनं गुरुत्वीय लहरी टिपल्या, 2017 मध्ये थॉर्न नोबेलचे मानकरी झाले आणि एप्रिल 2019 मध्ये एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आपण सगळ्यांनी पाहिली. त्याच लहरींचा शोध घेणारी ‘लायगो-इंडिया’ हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली, आणि जयंत नारळीकरांनी उभारलेली पुण्याची आयुका ही संस्था त्या कामात आहे. एवढं सगळं घडल्यावर तोच सिनेमा बघणारी मुलगी नवे प्रश्न घेऊन बाहेर पडते. भाचीनं परतीच्या बसमध्ये मला ‘लायगो’बद्दलच विचारलं.

दहा वर्षांचं अंतर असं कामाला येतं, म्हणून वर्धापनदिनाबद्दलही मी आता वेगळा विचार करते. ‘बॅक टू द फ्युचर’च्या दुसऱ्या भागातलं भविष्य 21 ऑक्टोबर 2015 चं होतं. ‘ब्लेड रनर’ची गोष्ट नोव्हेंबर 2019 मध्ये घडते. दोन्ही तारखा येऊन गेल्या. त्या काळच्या माणसांना कशाची आशा होती, कशाचं भय होतं, त्यांतलं काय खरं ठरलं, हे तपासायला ठरावीक अंतरानं एकत्र बसावं, यात मला आता अर्थ दिसतो. आमच्या उज्जैनच्या वेधशाळेत सवाई जयसिंगांच्या काळातली यंत्रं अजून वापरली जातात आणि तिथून दरवर्षी पंचांग निघतं. जुन्या मोजणीशी नवी ताडून बघणं हा विज्ञानाचा रोजचा व्यवहार आहे. विज्ञानपटालाही तो लागू व्हावा.

राहिला पडद्यांचा प्रश्न. ‘इंटरस्टेलर’नंच दाखवलं की जुना सिनेमा नव्याला हुसकावून लावत नाही. तो दोन महिने नव्याच्या मागं रांगेत उभा राहिला आणि नवा येताच बाजूला झाला. प्रिंटच्या जमान्यात पुनःप्रदर्शन खर्चिक होतं, आता डिजिटल फाईल पाठवून भागतं. त्यामुळे रिकाम्या आठवड्यांतही थिएटर चालू राहतं. उज्जैनच्या कितीतरी जुन्या टॉकीज मी बंद पडताना पाहिल्या आहेत. चालू राहिलेल्या थिएटरातच उद्या मराठी सिनेमाला खेळ मागता येईल. तरी माझी तक्रार पूर्ण मिटलेली नाही. मराठी सिनेमाला वेळ मिळायला हवीच, पण त्याची वाट जुना सिनेमा अडवत नाही, एवढं मला पटलं आहे.

शिवाय काही सिनेमांना त्यांचा काळ उशिरा भेटतो. ‘ब्लेड रनर’ 1982 मध्ये तिकीटखिडकीवर पडला. पुढे नव्या आवृत्त्या निघाल्या आणि 2007 मध्ये, 25 व्या वर्षी, दिग्दर्शकाच्या मनासारखी अंतिम आवृत्ती आली. आपल्याकडे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’, विज्ञानपट नव्हे पण आपल्या मातीतली अद्भुतकथा, सप्टेंबर 2024 मध्ये परत आला आणि 2018 च्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमावून गेला. पहिल्या शुक्रवारचा निकाल शेवटचा मानायचा नाही, ही मुभा प्रेक्षकाला असावी.

माझ्या पाठिंब्याला दोन अटी आहेत. पहिली, जे परत आणाल ते मूळ रूपात आणा. 1997 मध्ये 20 वर्षांनिमित्त ‘स्टार वॉर्स’ परत आला तो नवी दृश्यं घुसवून, आणि पुढं मूळ आवृत्ती थिएटरातून जवळजवळ नाहीशीच झाली. ‘ई. टी.’च्या 2002 च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकीटॉकी दाखवले गेले. त्या बदलाचा पश्चात्ताप झाल्याचं दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी नंतर सांगितलं आणि मूळ सिनेमा पुन्हा उपलब्ध केला. 1977 चा मूळ ‘स्टार वॉर्स’ही आता 2027 मध्ये थिएटरात येणार, असं लुकासफिल्मनं जाहीर केलं आहे. इतिहास दुरुस्त करून दाखवला तर त्याच्याशी काही ताडून बघता येत नाही.

दुसरी अट माझ्या गावाची. ऑगस्ट 2023 मध्ये ‘कोई मिल गया’ 20 वर्षांनिमित्त देशातल्या 30 शहरांत लागला. ‘क्रिश’च्या मालिकेची सुरुवात त्याच सिनेमातून झाली, आणि त्यातला उन्हातून शक्ती घेणारा परग्रहवासी जादू आजही लहान मुलांना माहीत आहे. तीस शहरं ही चांगली सुरुवात आहे, पण ज्या गावांना पहिल्या वेळी अर्धामुर्धा सिनेमा मिळाला, त्यांचा हक्क आधीचा आहे. तिकीट परवडेल असं ठेवा, हिंदी-मराठी उपशीर्षकं द्या, शाळांसाठी सकाळचा एक खेळ राखून ठेवा. मुलांना घेऊन येण्याची जबाबदारी आम्ही शिक्षक घेऊ.

एक संधी तर तारखेसकट समोर आहे. स्पीलबर्ग यांच्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये हजारो भारतीय आकाशातून ऐकलेले पाच सूर गातात, आणि आवाज कुठून आला असं विचारल्यावर सगळे एकदम वर बोट दाखवतात. हा प्रसंग रायगड जिल्ह्यातल्या खालापूरजवळच्या हाळ गावात चित्रित झाला. नोव्हेंबर 2027 मध्ये त्या सिनेमाला 50 वर्षं होतील. तेव्हा त्याचा एक खेळ खालापुरात व्हावा आणि एक उज्जैनला. इथल्या खेळाला मी माझा सगळा वर्ग घेऊन जाईन.