वंगणाचें मोल

यंत्र म्हटलें कीं आपली दृष्टि चाकांवर व पट्ट्यांवर खिळते. त्यांच्या सांध्यांतील थेंबभर तेलाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तथापि यंत्राचा भरंवसा त्या थेंबावर, आणि विशेषतः त्याच्या गुणांवर अवलंबून असतो, असें आम्हांस वाटतें.

१८८३ सालीं टॉवर नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडविलेला होता. बेअरिंगच्या माथ्यास तेल घालण्यासाठीं त्यानें भोंक पाडलें, तों आंस फिरूं लागतांच त्यांतून उलट तेलच वर येऊं लागलें. त्यानें लांकडी गुडदी ठोकली. तीहि बाहेर ढकलली गेली! दाबमापक लावून पाहतां, दर चौरस इंचास सरासरी १०० पौंड भार असतांना तेलाचा दाब २०० पौंडांहूनहि अधिक भरला. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं गणितानें या चमत्काराची उकल केली. फिरता आंस तेलास निमुळत्या फटींत ओढून नेतो, तेथें दाब उत्पन्न होतो, व त्या पातळ थरावर सारा भार तरंगतो.

हा थर टिकणें तेलाच्या दाटपणावर आहे. तेल फार पातळ असल्यास थर तुटून धातूवर धातु घांसतो. फार दाट असल्यास शक्ति व्यर्थ जाऊन उष्णता वाढते. म्हणून ज्या त्या यंत्रास त्याच्या वेगाला व भाराला साजेसेंच तेल हवें.

आमच्या परिचयाच्या एक बाई शिवणकामावर चार मुलांचा संसार चालवितात. ऐन लग्नसराईंत त्यांचें यंत्र अडलें. कारागिरानें उघडून पाहिलें, तों आंत पिवळट चिकटा! काटकसरीनें घातलेलें स्वयंपाकाचें गोडें तेल हवा लागून घट्ट झालें होतें. रॉकेलनें सांधे धुऊन यंत्राचें तेल घातल्यावर तें चालूं लागलें. पण तीन दिवसांची मजुरी बुडाली ती बुडालीच. तेल घातलें नव्हतें असें नव्हे. योग्य तेल घातलें नव्हतें.

शिवाय, थांबलेल्या आंसाखालीं तो तरंगविणारा थर नसतो. यंत्र सुरू होतांनाच झीज अधिक होते. म्हणून तेल आधीं हवें. शुभवर्तमानांतील दहा कुमारींच्या दृष्टान्तांत शहाण्या पांच जणींनीं हेंच जाणलें होतें. विद्यार्थिमित्रहो, घरीं शिवणाचें यंत्र असल्यास येत्या सुटीच्या दिवशीं आईस विचारून त्याच्या तेलाच्या बाटलींत काय आहे, तें अवश्य पाहा.